लाल कार्डाची माफी

अकोल्याचे वकील कमलाकांत यांना आशियातल्या एका फुटबॉल संघटनेच्या शिस्त समितीवर बसवलं ते कुलदीपभाऊंनी. अमरावतीचे हे माजी आमदार देशाच्या फुटबॉल संघटनेत उपाध्यक्ष होते, आणि आयुष्यात त्यांनी चेंडूला पाय लावला असेल तर तो उद्घाटनाचा, फीत कापून झाल्यावर. अकोल्याच्या जठारपेठेतला एक वकील आपल्या शब्दाबाहेर कशाला जाईल, असा त्यांचा हिशेब. कमलाकांतांनी मात्र नियम वाचले, सामने पाहिले, आणि त्यांना कळून चुकलं की मैदानावरचे खेळाडू सोडले तर बाकी सगळे भलताच खेळ खेळतायत.

त्या वर्षी उपांत्य सामन्यात यजमान देशाच्या कप्तानाने समोरच्याच्या तोंडावर कोपर मारलं. पंचाने लाल कार्ड दाखवून त्याला बाहेर काढलं. आता त्याला अंतिम सामना खेळता येणार नव्हता. दुसऱ्याच दिवशी त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांचा संघटनेला फोन गेला. शिक्षा स्थगित करावी असा अर्ज समितीपुढे आला, कमलाकांतांनी त्याला हरकत घेतली आणि कुलदीपभाऊंनी त्यांना अमरावतीला बंगल्यावर बोलावून घेतलं.

"वकीलसाहेब, निकाल एकमतानं पाह्यजे. तिकडून मले आशियाच्या कार्यकारिणीची जागा कबूल झाली हाये. तुमी काहून अडवून राहिले?"

"तुम्ही सामना पाहिलात का?"

"मले कुठं टाइम हाये?"

कमलाकांतांनी मोबाइलवर ती चित्रफीत लावून त्यांच्यापुढे धरली. भाऊ दचकले. "आयला! काय मारलं बे त्याले!"

"गालाचं हाड मोडलंय त्याचं."

क्षणभर वाटलं, माणूस जागा झाला. मग भाऊंनी चिवड्याची बशी पुढे सरकवली. "पण तो कुठं आपला हाये?"

कमलाकांत बशीला हात न लावता उठले. अकोल्याला येईस्तोवर त्यांना त्या माणसाचा राग असा आलाच नाही. चपलेला काही लागलं की माणूस ती फरशीवर घासतो, तेवढीच भावना.

सुनावणी ऑनलाइन झाली. तिघांच्या समितीचे अध्यक्ष आपल्या देशात कधीकाळी न्यायाधीश होते म्हणे. कमलाकांत म्हणाले, "पंचाचं म्हणणं तरी ऐकून घेऊ."

"त्याची गरज नाही. एका राष्ट्राच्या भावनांचा प्रश्न आहे."

"भावनांचं कलम कोणतं, तेवढं सांगा."

अध्यक्ष हसले. तिसऱ्या सभासदांनी अध्यक्षांच्या बाजूने हात वर केला. कमलाकांतांनी विरोध नोंदवला आणि शिक्षा स्थगित झाली. कप्तान अंतिम सामना खेळला, त्याने गोल केला, राष्ट्राध्यक्षांनी त्याला मिठी मारली. त्या पंचाला पुढे एकही आंतरराष्ट्रीय सामना मिळाला नाही.

कुलदीपभाऊंना जागा मिळाली. अकोल्यात त्यांचा सत्कार ठरला, तेव्हा कमलाकांतांच्या पत्नी कुंदाताई म्हणाल्या, "कशाला जाता? डोक्याला ताप."

"बघू तरी, कुठवर जातात." शेवटी त्याही सोबत गेल्या.

भाऊ माइकवर म्हणाले, "वऱ्हाडाचं नाव जगात झालं. आपले वकीलसाहेब बी संगं होते. एकमतानं निकाल देला आमी!"

कमलाकांत खुर्चीतून उठले. "खोटं आहे. निकाल दोन विरुद्ध एक होता. तो एक मी होतो. पंच बरोबर होता आणि तुम्ही त्याला विकलात."

भाऊंनीच पहिल्यांदा हसायला सुरुवात केली. "वकील लोकं! गंमत केल्याबिगर राहत नाहीत!" मग समोरच्या रांगेतले हसले, मागचे हसले, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्यात शाळेचे मुख्याध्यापक होते, दोन डॉक्टर होते, कमलाकांतांचे स्वतःचे अशील होते.

कमलाकांत त्या हसणाऱ्या चेहऱ्यांकडे एकेक करून बघत राहिले. भाऊंना निदान काहीतरी मिळालं होतं. हे सगळे फुकट विकले गेले होते.

"चला," कुंदाताईंनी त्यांचा दंड धरला. बाहेर जेवणाच्या टेबलांपाशी आत्ताच रांग लागू लागली होती. तिच्यातून वाट काढत दोघं रस्त्यावर आले.