रोज चार मिनिटं पुढे

मित्रांनो, मी एक जुनं, चिडकं लंबकाचं घड्याळ आहे. चिडायला कारण आहे, ऐका.

राजाचं राज्य असलेल्या फ्रान्समध्ये, ल्वार नदीकाठी, आन्सेल्म व्हेर्दिए नावाच्या गणितज्ञांनी मला ताऱ्यांच्या चालीवर लावलं. तारे रोज सूर्यापेक्षा चारेक मिनिटं आधी माथ्यावर येतात, म्हणून मीही गावच्या घड्याळापुढे रोज तेवढाच पळतो, आणि ती मिनिटं साठत जातात. तो माझा दोष नाही, ते माझं काम आहे.

आन्सेल्म चारचौघांत म्हणायचे, "आकाशाचे नियम राजालाही सूट देत नाहीत." हे राजाला देवाचा प्रतिनिधी मानणाऱ्या पाद्री गोदेफ्रुआंच्या डोक्यात गेलं होतं. बारा वर्षं खपून आन्सेल्मनी चंद्राच्या गतीचं गणित मांडलं होतं. ऑक्टोबरातल्या सूर्यग्रहणाचा पहिला सेकंद अचूक टिपला तरच विद्वानांची सभा ते मानणार होती. त्यांचं वय बासष्ट. पुन्हा असं ग्रहण त्यांना दिसणार नव्हतं.

ग्रहणाच्याच दुपारी पाद्रीबुवा जेवायला आले. कांद्याचं सूप भुरकता भुरकता माझ्याकडे बघून म्हणाले, "इथे दोन वाजलेत, आणि चर्चमध्ये आत्ता कुठे साडेबारा. चंद्राचं गणित करणाऱ्याच्या घरात साधं घड्याळ धड नाही होय?"

आन्सेल्म आणि त्यांची बहीण क्लोदीन दुर्बीण लावायला गच्चीवर गेले. तेवढ्यात या शहाण्याने माझे काटे मागे ओढले. लंबकालाही धक्का बसला. मेल्याचा हात तिथेच झडायला हवा होता.

क्लोदीन खाली येऊन माझे ठोके मोजू लागली. ग्रहण लागताच वरून आन्सेल्मची "आता!" अशी हाक आली. तिने मान वर करून माझे काटे पाहिले आणि ती पाद्रीबुवांकडे वळली.

"काटे कुणी हलवले?"

"मी. दुरुस्त केलं. आभार मानायचं सोडून ओरडतेस काय?"

"किती हलवले?"

"असेल दीड तास. साधारण."

"साधारण? पाद्रीबुवा, आम्हाला सेकंद हवा होता हो!"

ग्रहण सुटायच्या आत ढग आले, ते आठवडाभर हटले नाहीत. माझे काटे नेमके किती हलले ते ताडून बघायला ना सूर्य मिळाला, ना तारा. सभेने कागद परत पाठवले. पाद्रीबुवांनी गावभर सांगितलं की घड्याळच बिघडलेलं होतं. आन्सेल्म ती बदनामी घेऊनच गेले.

त्यांच्या मागे घरातलं सामान विकलं गेलं, आणि आता मी पाद्रीबुवांच्याच जेवणघरात आहे. रोज सकाळी ते मला चार मिनिटं मागे ओढतात आणि नालायक म्हणतात. मित्रांनो, दुसऱ्याच्या वस्तूला सुधारायला हात लावण्याआधी ती काय काम करते एवढं विचारा. मला कुणी विचारलं नाही. उद्या सकाळपर्यंत मी पुन्हा चार मिनिटं पुढे गेलेला असेन.