धोका आढळला नाही

थोरलीच्या पोटात दुखायचं ते धाकटीचं कौतुक ऐकून, आणि त्यावर अख्ख्या इस्पितळात गोळी नव्हती.

दोघी सख्ख्या बहिणी, कामाला एकाच इस्पितळात. धाकटी तळमजल्यावर औषधांच्या खिडकीत, थोरली वर संगणक विभागात. पेशंटच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला इस्पितळाने नवा एआय मदतनीस ठेवला होता आणि त्याच्या हाताशी औषधांची माहिती, आणि कुठली दोन एकत्र घेतली तर धोका, हे शोधायचं एक साधन दिलं होतं. ते साधन कधी वापरायचं, त्याला काय विचारायचं, मिळालेल्या माहितीचा अर्थ काय लावायचा, हे सगळं त्या मदतनिसाला लिहून द्यायचं काम थोरलीचं. काम नाजूक. माणसासाठी सूचना लिहिल्या तर राहिलेलं तो अक्कल चालवून भरून काढतो. हा पठ्ठ्या लिहिलंय तेवढंच धरून चालायचा, आणि जिथे काही लिहिलेलं नाही तिथे बेधडक ठोकून द्यायचा.

पण घरी याचं कोणाला काय? पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते खोटं नाही. बाबांना रक्तदाबाची गोळी चालू होती. ती जेवणाआधी घ्यायची की नंतर, एवढं विचारायचं असलं तरी बाबा फोन उचलायचे, "थांब, धाकटीला विचारतो." थोरली समोरच बसलेली असायची.

"बाबा, मीही औषधांचंच काम करते," ती एकदा म्हणाली.

"तू लिहायचं काम करतेस, बाळ. औषधातलं तिला कळतं."

बाळ म्हणाले म्हणून तर जास्तच झोंबलं.

आणि मजकूर तयार झाल्यावर तो तपासायला विभागप्रमुख बाईंनी बोलावलं कोणाला, तर धाकटीलाच. ती पांढरा कोट घालूनच वर आली, थोरलीच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि सगळं नीट वाचलं.

"छान लिहिलंयस, ताई. एक राहिलंय फक्त. एकच औषध चार कंपन्या चार नावांनी विकतात, आणि सगळी नावं आपल्या साधनात भरलेली नाहीत. याने शोधलं आणि हाती काही लागलं नाही, तर याला वाटेल धोकाच नाही. म्हणून लिही, काही सापडलं नाही तर धोका नाही असं सांगू नकोस, औषधांच्या खिडकीत विचारायला सांग."

"बघा," बाई म्हणाल्या, "हे आपल्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं."

आपल्यापैकी म्हणजे कोणाच्या, हे कळायला थोरली काही कुक्कुलं बाळ नव्हती. अंगाची लाही लाही झाली. धाकटीचं चुकलं असतं तर सोसलं असतं, पण तिचं बरोबर होतं. थोरलीने ओठ आवळून ते वाक्य लिहिलं.

दोन दिवसांनी बाईच म्हणाल्या, मजकूर लांबलाय, मदतनीस गोंधळतो, थोडी काटछाट करा. सुंठीवाचून खोकला गेला! कापण्यासारखं पुष्कळ होतं. थोरलीने हौसेने लिहिलेली सुरुवात अख्खी उडवली असती तरी कोणाचं काही अडलं नसतं. पण हात गेला तो नेमका त्याच वाक्यावर. घरी धाकटीला विचारा, आता इथेही धाकटीलाच विचारा? गावभरचे पेशंट मी माझ्या हाताने हिच्या खिडकीवर धाडू? वाक्य उडालं. आणि खोटं कशाला सांगा, तिला बरं वाटलं.

चाचणीसाठी मदतनीस आधी कर्मचाऱ्यांच्या घरी दिला. बाबांच्या फोनवर थोरलीनेच तो चालू करून दिला.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. पुढ्यात गोळ्यांच्या दोन पट्ट्या, पाण्याचा पेला, तळहातावर दोन गोळ्या. चेहरा खुललेला.

"ये, ये. आज धाकटीला फोनच केला नाही बघ. नेहमीची गोळी संपत आलीय, दुकानात ती नव्हती, दुकानदाराने ही दुसरी दिली. तिच्याऐवजी म्हणाला की तिच्या जोडीला, ते काही लक्षात राहिलं नाही. म्हटलं, तुझ्या मदतनिसाला विचारू."

त्यांनी फोन पुढे केला. पडद्यावर उत्तर होतं, 'या दोन गोळ्या एकत्र घेण्यात कोणताही धोका आढळला नाही.'

"कसं स्वच्छ उत्तर आहे. धाकटी आधी शंभर प्रश्न विचारते. म्हटलं, आपल्या थोरलीने लिहिलंय, त्यात चूक कशी असेल?"

एवढं ऐकायला तिने उभा जन्म वाट पाहिली होती. तिने पट्ट्या उलटून मागची बारीक अक्षरं वाचली. कंपन्या दोन, औषध एकच. बाबांचा हात तोंडाकडे निघाला होता, तो तिने मनगटाशी धरला.

"घेऊ नका. दोन्ही एकच आहेत. चक्कर येऊन पडाल. सकाळी यातली एखादी घेतलीत का?"

"घेतली असेल. आठवत नाही गं."

"मग आता घ्यायची की नाही, ते मला नाही सांगता येणार. धाकटीला विचारूया." तिने नंबर लावला.

बाबा अजून पडद्याकडेच बघत होते. "पण इथे तर धोका नाही म्हणतोय. याला माहीत नव्हतं?"

"नाही."

"आणि तुला?"

पलीकडे फोन उचलला गेला. "बोल ताई," धाकटीचा आवाज आला.

"माहीत होतं, बाबा. धाकटीने सांगितलं होतं. मी ते काढून टाकलं."

"काय काढलंस?" धाकटी फोनमधून विचारत होती. "ताई, काय झालंय?"

"आधी बाबांच्या गोळीचं बघ. तोवर मी बाईंना सांगून तो मदतनीस बंद करायला लावते. मग सांगते सगळं."

बाबांनी दोन्ही गोळ्या टेबलावर ठेवल्या आणि हात पुढे केला.

"दे इकडे फोन," ते म्हणाले. "धाकटीशी मीच बोलतो."