तीन नंबरचे दहा तास

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी वीजकेंद्रातला तीन नंबरचा संच बंद पडला. संध्याकाळच्या विजेच्या बोली बारा वाजता बंद होणार होत्या.

वीज कंपनीच्या ऑफिसातल्या तिच्या पडद्यावर ते लगेच दिसलं. महिन्याभरातली ही तिसरी वेळ. तिन्ही वेळा बोलीआधीचा शेवटचा तास, आणि तिन्ही वेळा केंद्रात पाळीवर तिचा धाकटा भाऊ. कोणता संच कधी चालवायचा आणि त्याची किती वीज बोलीत धरायची हे ठरवणं तिचं काम. ऑफिसात तिला घड्याळबाई म्हणत. बाजार खुला झाल्यापासून शेजारची खासगी कंपनीही त्याच गिऱ्हाइकांना वीज विकायची, आणि तीन नंबर झोपला की नेमका त्याच दिवशी त्या कंपनीचा भाव चढलेला असायचा.

साहेब टेबलाशी येऊन उभे राहिले. या वेळी काही काळंबेरं निघालं तर पाळीवाल्याचं नाव चौकशीला जाईल, नोकरी राहणार नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. तिने केंद्राला फोन लावला.

पाण्याचा पंप गेला होता. बंद पडल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत, दुरुस्ती धरून दहा तास, असं भावाने सांगितलं.

केंद्रातली माणसं वेळ फुगवूनच सांगत. आठ तासांचं काम दहा सांगायचं, नवात उरकायचं आणि पाठ थोपटून घ्यायची. एकच कंपनी होती तोवर त्यात कुणाचं बिघडत नव्हतं. ती हे ओळखून होती. सांगितलेल्या वेळेतून दोन तास ती गुपचूप कापायची; घरी नवऱ्यालाही बोलली नव्हती. आज आठ धरले तर सात ते नऊची सगळ्यात महाग वीज जवळजवळ पूर्ण हाती येत होती. पण आठ तासांत संच उठला नाही, तर कबूल केलेली वीज शेजारच्या कंपनीकडूनच चढ्या भावाने घेऊन द्यावी लागणार होती.

"ताई, या वेळी दोन कापू नकोस," भाऊ म्हणाला. "खरंच दहा लागतील."

तिचा हात थांबला.

"मी कापते असं तुला कोण म्हणालं?"

"अगं, सगळ्यांना माहीत आहे."

"सगळे म्हणजे कोण?"

"घड्याळबाई, बारा वाजतायत तुमचे," म्हणत त्याने हसून फोन ठेवला.

सांगितलेली वेळ आणि कापलेली वेळ तिच्या तक्त्यात शेजारी-शेजारी असत; ती आधी कळली, तर भाव किती चढवायचा हे शेजारच्या कंपनीला नेमकं ठरवता आलं असतं. तो तक्ता दोनच संगणकांवर उघडायचा: तिच्या आणि साहेबांच्या.

तिने मान वर केली. साहेब अजून तिथेच होते. किती धरतेस, असं त्यांनी विचारलं.

"दहा," ती म्हणाली.

"बरं," म्हणून ते केबिनमध्ये गेले.

संध्याकाळी शेजारच्या कंपनीची वीज महिन्यातल्या सर्वांत चढ्या भावाने गेली. तीन नंबर सात वाजून पस्तीस मिनिटांनी सुरू झाला, म्हणजे आठ तास पंचवीस मिनिटांत. दुसऱ्या दिवशी, वेळ फुगवून सांगितल्याचं कारण देत, साहेबांनी भावाचं नाव चौकशीला पाठवलं. तक्ता कुठून, किती वेळा उघडला गेला याची नोंद तिने संगणक विभागाकडे लेखी मागितली. विभागाने तिचा अर्ज मंजुरीसाठी साहेबांकडे पाठवला आहे.