तुमचे हे

जळगावात कापडाचं चांगलं चालतं दुकान असताना सून एसटीने गावोगाव हिंडते, आणि म्हाताऱ्या फौजींच्या लढाया मोबाइलमध्ये भरून आणते, म्हणून हर्षिताला घरात सगळे हसायचे. सासरे इंदरचंद तर गिऱ्हाइकांनाही सांगत, की आमच्याकडे रोज जेवायच्या वेळी लढाई लागते. हसू देत बापडे! नरडाण्याचे एक नाना बोलता बोलता रडले होते, चोपड्याच्या अक्कांनी तिला केळी दिल्याशिवाय सोडलं नव्हतं. तिला या कामाचं वेडच लागलं होतं.

बोदवडजवळच्या खेड्यातले उखर्डूआबा एकाहत्तरच्या लढाईत होते. त्यांचा मुलगा जितेंद्र फोनवर म्हणाला, आबा एकदम ठणठणीत आहेत, या तुम्ही. ती गेली, तर आबा खाटेवर पडलेले, दाढी स्वच्छ केलेली, नजर आढ्याला. दिवाळीपासून एक शब्द नाही. कोणी आबा म्हणा, बाबा म्हणा, डॉक्टर कानाशी ओरडू देत, ढिम्म.

जितेंद्र डोकं खाजवत म्हणाला, की आईनेच खोटं बोलायला लावलं. लढाईचं विचारायला कोणी आलं तर ते बोलतील, अशी आईला आशा. हर्षिताला राग यायला हवा होता. पण त्याच्या आईने, इंदिराबाईंनी, तिच्यापुढे ज्वारीच्या पापडाचं ताट सरकवलं आणि अशा काही आशेने पाहिलं, की राग कसला येतो!

तिने तासभर प्रयत्न केला. पलटण, बंदूक, बर्फ, बंगाल, सगळं विचारून झालं. आबा आढ्याकडेच पाहत राहिले. शेवटी ती इंदिराबाईंकडे वळली. तुम्हीच बोला, म्हणाली, आधी यांचं नाव सांगा. इंदिराबाईंनी जीभ चावली. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे त्यांच्या आईने सांगितलेलं. एवढ्या वर्षांत एकदाही घेतलं नव्हतं.

मग त्यांनी आपली लढाई सांगितली. लढाई संपली होती आणि आबांची काहीच खबर नव्हती. बोदवड स्टेशनावर फौजींची गाडी थांबते असं कळलं, म्हणून त्या नणंदेला न सांगता एकट्या गेल्या. खिडकीतल्या एका मराठी जवानाला विचारलं, आमचे हे कुठं आहेत? तो म्हणाला, नाव काय? आता आली का पंचाईत! आधीची दोन लेकरं दगावली म्हणून सासूने यांना जन्मताच उकिरड्यावर ठेवून उचललं होतं, मरणाने तोंड फिरवावं म्हणून, आणि नावही त्यावरूनच ठेवलं होतं. इंदिराबाईंनी कोडं घातलं, जिथं शेणकचरा टाकतात ना, ते नाव. जवानाला वाटलं, बाई नवऱ्याला शिव्याच देते आहे.

डबाभर हशा पिकला. पण बाईंच्या डोळ्यांत पाणी दिसलं, तसा तो जवान हसायचा थांबला. म्हणाला, "वहिनी, इथं सगळेच कोणाचे तरी 'हे' आहेत. तुमचे हे खुशाल आहेत."

त्या शब्दावर त्या तीन महिने जगल्या. जवानाला काही माहीत नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं. पण आबा खरंच आले, आणि आपण नाव घेतलं नाही म्हणूनच आले, अशी त्यांची खात्री पटली ती कायमची.

हर्षिताने मोबाइल बंद केला. खूप मिळालं, असं म्हणून ती उठायला लागली. इंदिराबाई मात्र खाटेकडे पाहत बसून होत्या.

"लई जपलं आयुष्य," त्या म्हणाल्या. "आता मले एक बोल पाहिजे."

त्या उठल्या, खाटेच्या काठावर बसल्या, डोक्यावरचा पदर नीट केला. नव्या नवरीसारख्या लाजल्या, अहो, या वयात! जितेंद्रने मान दुसरीकडे फिरवली. मग त्या आबांच्या कानाशी वाकल्या आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "उखर्डू."

आबांचे पाय खाटेवरच जुळले. हनुवटी वर आली.

"हाजिर, साब," आबा म्हणाले. आवाज घोगरा, पण फौजीचा. इंदिराबाईंनी त्यांचा हात धरला. आबांची नजर आढ्यावरून हलली नाही, पण ओठ पुन्हा हलले. "साब, घरी कळवजा. मी खुशाल आहे."

जितेंद्र रडायला लागला. हर्षिताला मोबाइल चालू करायचं भानही राहिलं नाही.

इंदिराबाईंनी तो हात आपल्या गालाला लावला.

"पोचलं," त्या म्हणाल्या.