गंगव्वाचं पाणी

"वर बघा, चाचा," असं म्हणत दयानंदने म्हाताऱ्याच्या डाव्या डोळ्यात औषधाचा थेंब सोडला.

पहिला थेंब पापणीवरच फुटून दाढीत उतरला. दस्तगीरचाचा हसले. दुसरा नीट पडला. खरं तर हे काम त्यांच्या लेकीचं, शमशादचं. पण तिचे हात कणकेत होते आणि गावाकडचा माणूस आलाय म्हटल्यावर तिने बाटली बिनदिक्कत त्याच्या हाती दिली होती. नाव विचारायचं तिला सुचलं नाही, आणि यानेही सांगितलं नाही. बंगळूरच्या गर्दीतून बेळ्ळंदूरहून जयनगरला यायला दीड तास लागला. तेवढ्या वेळात गडी सगळं भाषण पाठ करून आला होता आणि दारातच ते विसरला.

"आता पाच मिनिटं डोळे मिटून बसा."

"सरी, बसतो," चाचा म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले.

रस्त्यावरची झाडं गुलाबी फुलांनी लगडली होती. त्यांचा उजेड खिडकीतून आत येऊन भिंतीवर, चादरीवर, चाचांच्या शुभ्र लुंगीवर पसरला होता. पंखा इतका सावकाश फिरत होता, की त्याची पाती मोजता आली असती. खाली कुणीतरी "अक्का, अक्का" अशी लांबवून हाक मारत होतं. दयानंदला वाटलं, हे वर्ष कुठलं आणि गाव कुठलं, हे आपल्याला आत्ता कुणी विचारू नये. तो चाचांच्या उघड्या पायांकडे बघत राहिला.

निपाणीकडच्या त्याच्या गावात मोहरमात पिराच्या पंजांची सवारी निघे. ज्या दारात ती थांबे, त्या दारची बाई पंजा धरणाऱ्याच्या पायांवर घागरभर पाणी ओते. पंजा धरायचा मान चाचांच्या घराण्याचा. दयानंद नवसाचा; त्याच्या आईने, गंगव्वाने, याच पंजापुढे पदर पसरून त्याला मागून घेतला होता. म्हणून त्यांच्या दारात पाणी आईने नव्हे, त्याने ओतायचं, अशी रीत. पाच वर्षांचा होता तेव्हापासून त्याने ती पाळली. मग तो बंगळूरला आला. एचएसआर लेआउटमधल्या एका हॉलमध्ये दर रविवारी बैठका होत. तिथे त्याला कळलं, की पंजापुढे पाणी ओतून आपण आजवर धर्म बुडवला. एवढ्यावर तो पेटला. अकरा वर्षांपूर्वी मोहरमाला गावी गेला, सवारी बोळाच्या तोंडाशी आली तशी त्याने कडी घातली आणि दाराला पाठ लावून बसला. बाहेर ताशा थांबला. बराच वेळ थांबला. मग पुढे गेला.

त्या थंडीत गंगव्वा गेली. बैठका त्यानंतर हळूहळू सुटल्या, पण ती कडी काही सुटली नाही. परवा गावच्या ग्रुपवर चाचांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची बातमी वाचली आणि त्याच्या जिवाची तगमग झाली.

"चाचा, मी गंगव्वाचा दयानंद."

"व्हय. दारातच वळखलं. तुझा बा बी असाच आदी घसा खाकरायचा, मग बोलायचा."

"त्या वर्षी मी दार लावलं." पुढचं त्याने एका दमात उरकलं. "माझं चुकलं. फार चुकलं. मला माफ करा."

"केलं की. कवाच केलं."

बस्स, एवढंच. दयानंदला एकदम रडू आलं आणि थोडी लाजही वाटली. ज्याच्यासाठी अकरा वर्षं झोप नासवली, ते काम इतक्या चटकन व्हावं?

चाचांनी हात चाचपडत पुढे केला आणि त्याचं मनगट धरलं.

"आता माझं ऐक. तू दार लावलंस, पर तुझी आई परसदारानं आली. घागर घिऊन बोळातनं पळत आली बग. लुगडं निम्मं भिजल्यालं. म्हनली, भाऊ, पोर चुकलं, मी घालते पाणी."

दयानंदला हे ठाऊक नव्हतं. आई मागल्या दारी रडत बसली असणार, असंच तो धरून चालला होता.

"मग?"

"मी पाय मागं घेतलं."

पंख्याचं एक पातं किरकिरलं.

"म्हटलं, नवसाच्या पोरानंच घालायचं, तशी रीत हाय. तुझं पाणी चालायचं न्हाई. ताशावाली पोरं म्हनाय लागली, घ्या चाचा, जाऊ द्या. मी न्हाई म्हटलं. राग तुझा हुता, तिच्यावर काढला. रीतीच्या आड दडलो, दुसरं काय? भरली घागर तशीच माघारी घिऊन गेली बिचारी. तिच्या मातीला मी गेलो, पर मेलेल्या मानसाला काय माफी मागनार? तिच्या वतीनं तूच दे आता."

तेव्हा दयानंदला त्या दिवसाची संध्याकाळ आठवली. परसात आई शेवग्याच्या बुंध्याशी ओणवी होऊन ओंजळ ओंजळ पाणी घालत होती. 'एवढं कशाला त्या झाडाला?' असं तो बसल्या जागेवरून म्हणाला होता. तिने मागे वळून पाहिलं नव्हतं.

त्याच्या अंगातून रागाची कळ गेली. म्हातारी बाई, भिजलेली, आणि हे पाय मागे घेतात! आपण कोण रागावणारे, कडी कुणी घातली, हेही त्याला त्याच क्षणी कळत होतं. पण कळून राग कमी होईना. मनगट सोडवून घ्यावंसं वाटलं. ते त्याने सोडवलं नाही.

"चाचा, मला जमत नाही. आत्ता नाही जमत."

चाचांनीच त्याचं मनगट सोडलं.

"बरं. शुक्रवारपातुर हाय मी हितं."

दयानंदने मान हलवली. त्यांचे डोळे मिटलेले आहेत हे त्याच्या लक्षात आलं, तेव्हा तो तोंडाने म्हणाला, "उद्या येतो."