अळणी ताट

"महिना झाला, लेक माझ्या तोंडाकडे बघून बोलत नाही. मेले की काय मी आत्ताच?" म्हातारी अळणी भाजी चिवडत कडाडली.

"हळू बोला, आई. हृदयाला ताण पडतो," सून म्हणाली. कपाटाच्या किल्ल्या आता तिच्या कमरेला होत्या.

वीस वर्षं साखरेशी झुंजलेली ही बाई. औषधाची वेळ तिनं कधी चुकवली नाही. चुकवणाऱ्याला मात्र सोलून काढलं. साखर लेकालाही होती. तो बस चालवायचा. साखर असलेल्या चालकांनी हृदयाची रक्ततपासणी करून आणावी, असा डेपोचा नवा हुकूम निघाला, तेव्हा तीच म्हणाली, "माझंही घ्या." रक्त घेणाऱ्या बाईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोघांच्या नळ्या भरल्या आणि त्या हात धुवायला गेल्या. "नावांच्या चिठ्ठ्या मी डकवतो," लेक म्हणाला. केवढं कौतुक वाटलं होतं तिला!

अहवाल आला. लेक ठणठणीत, आईचं हृदय थकलेलं. त्याच दिवशी तिची खाट दाराशी आली, मीठ गेलं, किल्ल्या गेल्या. शेजारणी तिच्यासमोरच तिच्याविषयी हळू आवाजात बोलू लागल्या.

पण तीन जिने ती अजून एका दमात चढत होती. त्या अळणी जेवणाच्या दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता ती हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी पुन्हा रक्त तपासलं.

"आजी, हृदयावर ताण आला की रक्तात एक द्रव्य वाढतं. साखर असली तर छातीत दुखण्याआधीच ते चाहूल देतं. तुमचं अगदी कमी आहे. मागचा आकडा दहापट होता. ते रक्त तुमचं नसावं."

"मग कुणाचं?" विचारता विचारताच चिठ्ठ्या डकवणारी बोटं तिच्या डोळ्यांपुढे आली.

ती घरी पोचली तेव्हा लेक गणवेश घालून सुजलेले पाय बुटात कोंबत होता. एक नाडी बांधली आणि धापा टाकत थांबला. तिनं नवा अहवाल त्याच्या मांडीवर टाकला.

त्याचा चेहरा उतरला. "आई, नोकरी गेली असती गं. पोरीची शाळा अजून... आणि तुझं तर वय झालंच होतं."

"झालंच होतं," ती म्हणाली.

सुनेच्या कमरेच्या किल्ल्या तिनं काढून घेतल्या. तिच्यासाठी झाकून ठेवलेलं अळणी ताट उचललं आणि दाराशी असलेल्या खाटेवर ठेवलं. मग लेकाच्या छातीवरचा बिल्ला उपटला.

"चाळीस माणसं मागे बसवून मरायला निघाला होतास, आणि मरण लिहिलंस माझ्या नावावर. डेपोला फोन केलाय मी. ही खाट तुझी, ताटही तुझं. जेव."