डाव्या चाकामागचा उघडाबोडका

मी बोलतोय गाडीच्या मागच्या डाव्या चाकामागून. मेकॅनिक मला ब्लीडर म्हणतात. बाकीच्यांना मी असतो हेच ठाऊक नसतं. बोटाच्या पेराएवढा पोकळ स्क्रू मी. ब्रेकच्या तेलात हवा शिरली की मला थोडं सैल करायचं, हवा बाहेर सोडायची आणि पुन्हा आवळायचं. एवढंच माझं काम. पण ते झालं नाही, तर ब्रेक दाबूनही गाडी थांबायची नाही!

आम्ही चौघं भाऊ, चार चाकांना चौघं. पाणी-चिखल आत जाऊ नये म्हणून कारखान्यानं प्रत्येकाच्या डोक्यावर रबराची छोटी टोपी घातली होती. तिघांची अजून आहे. माझी कुणामुळे गेली, ते मला चांगलं ठाऊक आहे.

आमचा मालक स्वतःच मेकॅनिक. लोकांच्या गाड्या करता करता घरची गाडी नेहमी राहून जायची. टोप्या काढल्या की शर्टाच्या खिशात टाकायची त्याची सवय. चार वर्षांपूर्वी तीन टोप्या परत बसवल्या, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि हा हात पुसत उठला. चौथी खिशातच राहिली. तेव्हापासून मी चिखल खात बसलोय. गंजणार नाही तर काय होणार?

आज त्यानं ब्रेकचा फुटका पाइप बदलला, म्हणजे तेलात हवा शिरलीच. उद्या त्याच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. दोन महिने थांबून मिळालेली तारीख. सूनबाई तिला गाडीत घालून डोंगर उतरणार. तिघा भावांची हवा झटक्यात निघाली. मग तो माझ्याकडे वळला आणि त्याचा चेहराच पडला.

"काय झालं?" बायकोनं स्टिअरिंगमागून विचारलं. ब्रेक दाबायचं काम तिच्याकडे होतं.

"गंजून बसलाय लेकाचा."

"मग लावा की जोर!"

"जोर लावला तर मुंडकं तुटेल याचं. मग या चाकाचा अख्खा ब्रेक-सिलिंडर मागवायचा. चार दिवस लागतील."

"अहो, आणि आईंना काय सांगायचं?"

त्यानं गंज सोडवायचं तेल माझ्या मुळाशी सोडलं, हातोडीनं आजूबाजूला हळूहळू ठोकलं, तासभर थांबला, पुन्हा तेल सोडलं. मग माझ्या सहाही कडा धरणारा गोटी पाना चढवला. आधी मला केसभर आवळलं, मग उलटं फिरवलं. मानेत अशी कळ गेली म्हणून सांगू! आता तुटलोच, असं वाटलं. त्याचा मला भयंकर राग आला. पाना काढून तो तसाच जमिनीवर बसून राहिला.

"अगं, चूक माझीच आहे," तो म्हणाला. "याची टोपी बसवायची मीच विसरलो होतो. चार वर्षं झाली."

"कसली टोपी?"

"रबराची. काळी, एवढीशी."

ती उतरली आणि तडक घरात गेली. चिडली, असंच आम्हा दोघांना वाटलं. परत आली ती बटणांचा डबा घेऊन.

"ही का? शर्ट धुताना खिशात सापडली होती. मला वाटलं, कशाचं तरी बटण असेल."

त्यानं टोपी उचलून घेतली. मग ती खिशात न टाकता त्यानं तिच्याच हातात ठेवली. "धरून बस. मी मागितल्याशिवाय देऊ नकोस."

पुन्हा पाना चढला. केसभर आवळ, केसभर सोड. पुन्हा आवळ, पुन्हा सोड. किती वेळ गेला कोण जाणे. आणि एकदम कट्ट! मला वाटलं, संपलं सगळं. त्यानं डोळे मिटून घेतले होते. पण तुटला होता तो गंज. मी फिरलो!

"दाब... धर!"

"धरलाय!"

माझ्यातून बुडबुडे निघाले, मग नुसतं तेल. त्यानं मला आवळलं आणि हात पुढे केला. टोपी माझ्या डोक्यावर बसली, तेव्हा माणसानं रडावं तसं मला रडावंसं वाटलं.

उद्या डोंगर उतरताना तिचा पाय ब्रेकवर येईल, तेव्हा म्हातारी शेजारी असेल. मी घट्ट आहे, काळजी नको. तुम्ही मात्र कुणाचंही काम करून उठताना एकदा खिसा चाचपून बघा हो.